तेवीस नंबरची चिठ्ठी

या अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा मी कारंज्याच्या एका दुकानात खुर्चीवर उभा राहून छतातून वायर ओढत होतो. ते म्हणाले, तुमच्या धंद्यातले गमतीदार किस्से लिहा, दिवाळीत लोकांना हलकंफुलकं वाचायला आवडतं. मी हो म्हटलं. गमतीचे दोन किस्से माझ्याकडे आहेत, ते आधी देऊन टाकतो. तिसरा गमतीचा नाही, आणि खरं सांगायचं तर तो कुठेतरी छापून यावा म्हणूनच मी हो म्हटलं. संपादकांना तिसरा नको असेल तर त्यांनी पहिले दोनही छापू नयेत.

मी मूळचा टेलिफोन खात्यातला लाइनमन. अर्धं आयुष्य खांबावर गेलं. लोकांनी घरातले फोन काढून टाकले, तसं खात्यानं आम्हालाही काढायला घेतलं. त्याला स्वेच्छानिवृत्ती म्हणतात. हा शब्द ज्यानं शोधून काढला त्यानं स्वतःच्या इच्छेनं आयुष्यात काही सोडलेलं नसणार. घरी बसून करायचं काय, म्हणून मी कॉम्प्युटरच्या वायरी टाकायला लागलो. वाशिम जिल्ह्यातल्या शाळा, पतसंस्था, दवाखाने, जिनिंग, जिथे म्हणाल तिथे माझी वायर भिंतीतून गेलेली सापडेल. लोक मला नेटवाले भाऊ म्हणतात. नेट चालू असलं की भाऊ मेला काय अन् जिवंत काय, कोणाला पत्ता नसतो. बंद पडलं की दहा मिनिटांत सात फोन येतात.

पुढचं कळावं म्हणून धंद्यातली एकच गोष्ट समजून घ्या, ती अवघड नाही. जुन्या काळी मोठ्या कचेरीत फोन कसा असायचा, आठवा. बाहेरच्या जगासाठी कचेरीचा नंबर एक. आत टेबलाटेबलावर एक्स्टेंशन: एकवीस, बावीस, तेवीस. बाहेरच्या माणसाला मोठा नंबर फिरवावा लागायचा, मग ऑपरेटर आत जोडून द्यायचा. नेटचंही तेच. बाहेरच्या जगात तुमच्या कचेरीचा किंवा घराचा एक पत्ता असतो, आकड्यांचा. त्याला पब्लिक आयपी म्हणतात. तो कंपनी देते, आणि साऱ्या जगात तसा दुसरा नसतो. आत मात्र प्रत्येक कॉम्प्युटरला, मोबाइलला, प्रिंटरला आतल्यापुरता नंबर असतो. तो प्रायव्हेट. आमच्याकडे बहुतेक ठिकाणी तो १९२.१६८.१ असा सुरू होतो आणि फरक फक्त शेवटच्या आकड्यात असतो. मध्ये राउटर नावाचा डबा बसलेला असतो, तो ऑपरेटरचं काम करतो. आतून कोणी काय मागितलं ते ध्यानात ठेवतो, बाहेरून उत्तर आलं की ज्याचं त्याला पोचवतो.

आता तेवीस नंबरचं एक्स्टेंशन वाशिमच्या कचेरीत असायचं, अकोल्याच्या असायचं, मुंबईच्याही असायचं. म्हणून वाशिमचा तेवीस आणि मुंबईचा तेवीस एकच माणूस होत नाही. एवढं ज्याला कळलं त्याला माझा अर्धा धंदा कळला.

इंझोरीच्या एका गृहस्थांना मात्र ते अजूनही कळलेलं नाही. त्यांच्या घरी मी वायफाय बसवून दिलं होतं. दिवाळीत त्यांचा साळा पुण्याहून आला, त्यानं बोलता बोलता आपल्या घरचा नंबर मोबाइलमध्ये काढलेला दाखवला. १९२.१६८.१.२. यांनी आपला पाहिला, तर तोच. झालं. साळा पुण्यात बसून आपलं नेट ओढून राहिला, असं त्यांच्या डोक्यात बसलं. मला बोलावून घेतलं आणि साळ्यासमोरच म्हणाले, याचा नंबर काढून घ्या अन् मले नवा कोरा द्या, जो कोनापाशी नाही. मी समजावलं की हा आतला नंबर आहे, लाखो घरात हाच असतो. त्यावर ते जास्तच चिडले, म्हणजे लाखो लोक ओढून राहिले काय! शेवटी मी त्यांच्या मोबाइलचा नंबर दोनचा सत्त्याऐंशी करून दिला. तेव्हापासून नेट फार फास्ट चालते म्हणतात. साळ्याशी बोलणं मात्र अजून बंद आहे.

दुसरे गृहस्थ धनजकडचे, सोयाबीनचे व्यापारी. गोदामात कॅमेरे बसवले, आणि अमरावतीत मुलीकडे बसून मोबाइलवर गोदाम पाहायचं म्हणाले. त्यांना मी सांगितलं, त्यासाठी बाहेरचा पत्ता तुमच्या एकट्याच्या नावचा लागतो, आणि तुमच्या कंपनीनं तो दिलेला नाही. कंपन्यांकडे बाहेरचे पत्ते कमी आणि गिऱ्हाइकं जास्त, म्हणून त्या शंभर-दोनशे घरं एकाच पब्लिक पत्त्यामागे उभी करतात. बाहेरून पाहिलं तर तुमचं गोदाम, शेजारचं सलून आणि गावातला अर्धा बाजार एकच. व्यापारी विचारात पडले. मग म्हणाले, म्हणजे सलूनवाल्यानं काही भानगड केली तर पोलीस माह्या दारात येतील काय? मी हसलो. त्यांना म्हणालो, कंपनी आत कोण होतं त्याची नोंद ठेवते, निर्दोष माणसानं भिऊ नये. तेव्हा मला हे खरं वाटत होतं.

आता तिसरं.

संस्थेचं नाव सांगत नाही, गावही सांगत नाही. आमच्याच जिल्ह्यातली शिक्षण संस्था, एक कॉलेज आणि सात शाळा. कॉलेजचं नेट पहिल्यापासून माझ्याकडे. त्या ऑफिसात रेखा नावाची कॉम्प्युटर ऑपरेटर होती. अकरा वर्षं झाली होती तिला, सगळी कंत्राटावर. दरवर्षी नवा कागद, दरवर्षी सही. परीक्षेचे फॉर्म, मार्क, दाखले, शिष्यवृत्ती, सारं तिच्या टेबलावरून जायचं. त्या वर्षी कंत्राटावरच्या तिघांना कायम करायचं ठरलं होतं आणि यादीत तिचं नाव पहिलं होतं. तिनं स्वतः मला सांगितलं होतं. मी प्रिंटर दुरुस्त करत होतो, ती म्हणाली, भाऊ, आता पुढच्या वर्षापासून सुट्टीचाबी पगार भेटन. एवढं बोलून लगेच गप्प झाली, बोलल्यानं होणारं काम बिघडेल अशा भीतीनं.

तिचं सासर वाशिमच्या वेशीलगतच्या मळ्यात. घरात सासरा किसनराव, नवरा हंगामापुरता पुण्याकडे कंपनीत जाणारा, आणि दोन मुली. घरात पगार नावाची गोष्ट तिचीच.

त्या कॉलेजात मी सुरुवातीला प्रत्येक मशीनला नंबर हातानं दिला होता. एक ते चाळीस. आणि माझी एक सवय होती, जिचा मला फार अभिमान होता. ज्या मशीनला जो नंबर दिला तो कागदाच्या चिठ्ठीवर मार्करनं लिहायचा आणि वरून चिकटपट्टी मारून मॉनिटरच्या कोपऱ्यात लावायचा. माझं अक्षर चांगलं आहे. कुठेही गेलो की चिठ्ठी पाहून कोणतं मशीन कोणतं ते लगेच कळायचं. रेखाच्या मॉनिटरवर तेवीस होता.

पुढे मास्तर लोकांच्या हातात मोबाइल आले, प्रत्येकाला वायफाय हवं झालं. हातानं नंबर देणं जमेना. चुकून एकच नंबर दोन यंत्रांना गेला तर दोन्ही अडकून बसतात. म्हणून मी राउटर बदलला आणि नंबर वाटायचं काम त्याच्याकडेच दिलं. जो येईल त्याला तो मोकळा नंबर देतो, आज हा, उद्या दुसरा. हे केलं आणि घरी आलो. चिठ्ठ्या तशाच ठेवल्या. चाळीस मॉनिटरवरच्या चिकटपट्ट्या नखानं खरवडत कोण बसतं! नंबर मेले होते, पाट्या जिवंत होत्या. कोणी तक्रार केली नाही, मीही विसरून गेलो.

दोन वर्षांनी वरच्या कार्यालयाचं पत्र आलं. चार मुलांचे अंतर्गत मार्क पोर्टलवर एकदा भरून झाल्यावर पुन्हा वाढवले होते. वरच्या लोकांनी तारीख, वेळ आणि बाहेरचा पत्ता कळवला. पत्ता कॉलेजचाच होता. म्हणजे काम कॉलेजच्या आतून झालं होतं, पण आतल्या कोणी केलं हे वरच्यांना दिसत नाही. पोर्टलचा पासवर्ड अर्ध्या स्टाफला पाठ होता. मग कॉलेजनं आपल्या इथला दुसरा डबा उघडला, जो कोणत्या आतल्या नंबरावरून कोणती साइट उघडली त्याची महिनाभराची नोंद ठेवतो. त्या तारखेला, त्या वेळेला नंबर निघाला १९२.१६८.१.२३.

चौकशी समितीत एक निवृत्त हेडमास्तर होते. हातात तो छापील कागद घेऊन ते ऑफिसात फिरले आणि रेखाच्या टेबलापाशी थांबले. समोर चिठ्ठी. माझ्या टपोऱ्या अक्षरात तेवीस. दुसऱ्या दिवशी मला बोलावणं आलं.

समितीच्या खोलीत संस्थेचे अध्यक्ष, प्राचार्य, ते हेडमास्तर आणि समोर रेखा. मला खुर्ची दिली, 'तज्ज्ञ' म्हणून ओळख करून दिली. खांबावरच्या माणसाला कोणी तज्ज्ञ म्हटलं की त्याचं काय होतं ते मी आता सांगू शकतो. मी ताठ बसलो. हेडमास्तरांनी विचारलं, ही चिठ्ठी तुमच्या अक्षरातली का? म्हटलं, हो. हा नंबर त्या मशीनला तुम्हीच दिला का? म्हटलं, मीच दिला. राउटर बदलल्याचं त्या क्षणी माझ्या डोक्यात आलं नाही. देवाशपथ आलं नाही. दोन वर्षांत शंभर ठिकाणी काम केलं होतं, आणि समोर माझी चिठ्ठी होती. मी माझ्याच अक्षरावर विश्वास ठेवला.

रेखा रडत नव्हती. ती म्हणाली, मशीन माझं आहे, पण हे मी केलं नाही, त्या वेळेला मी खाली दाखले वाटत होते. कोणी लिहून घेतलं नाही. मग ती माझ्याकडे वळली आणि त्या खोलीतला एकमेव कामाचा प्रश्न तिनं विचारला.

"भाऊ, हा नंबर त्या टायमाले दुसऱ्या कोनापाशी असू शकते काय?"

"नाही," मी म्हणालो. "एका वेळेला एक नंबर एकाच यंत्राचा असतो."

हे वाक्य शंभर टक्के बरोबर आहे. कोणत्याही पुस्तकात सापडेल. आणि याच वाक्यानं तिचं काम संपलं. तिनं विचारलं होतं, त्या वेळेला तो नंबर कोणाकडे होता; मी सांगितला नुसता नियम, आणि तेही मान हलवत, समजून सांगितल्यासारखं. हेडमास्तरांनी ते वाक्य जसंच्या तसं उतरवून घेतलं. रेखानं मान खाली घातली. माझ्यावर तिचा भरवसा होता ना, तिलाही वाटलं असेल की भाऊ म्हणतो म्हणजे तसंच असणार.

बाहेर आल्यावर अध्यक्षांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, काम चोख आहे तुमचं, सातही शाळांचं नेट आता तुम्हीच बघा. आणि जाता जाता माझ्या केबिनमध्ये वायफाय नीट येत नाही तेवढं पाहून जा.

ते पाहायला म्हणून मी दुपारी चार वाजता राउटर उघडला. त्यात एक यादी असते. डबा चालू झाल्यापासून कोणता नंबर कोणत्या यंत्राला कधी दिला, कारखान्यातच त्या यंत्रावर कोरलेल्या कायमच्या आकड्यासकट. यादी समोर आली आणि राउटर बदललेला आठवला. नंबर वाटप आपोआप होतं, मीच लावून दिलं होतं. त्या तारखेला रेखाच्या मशीनकडे एक्केचाळीस होता. तेवीस होता एका मोबाइलकडे. कोणाचा मोबाइल ते त्यावरून कळत नव्हतं, पण रेखाचं मशीन नव्हतं, हे लख्ख दिसत होतं.

खिशात फोन होता. पडद्याचा एक फोटो काढायला पाच सेकंद लागतात. मी काढला नाही. का काढला नाही, ते आता लिहून टाकतो, कारण इतकी वर्षं बायकोलाही सांगितलेलं नाही. तो फोटो रेखाच्या बाजूचा होता आणि माझ्या विरुद्धचा होता. त्यात दिसलं असतं की भाऊनं राउटर बदलला, चिठ्ठ्या काढल्या नाहीत, आणि भर समितीत छाती काढून चुकीचं सांगितलं. तासाभरापूर्वी मी तज्ज्ञ झालो होतो. सात शाळा मिळाल्या होत्या. मी स्वतःला म्हटलं, आज सगळे घाईत आहेत, उद्या प्राचार्यांना एकटं गाठून नीट सांगतो. यादी कुठे पळून जाते?

यादी पळून जाते. हे माझ्याइतकं त्या इमारतीत कोणालाच माहीत नव्हतं. डबा बंद होऊन चालू झाला की ती पुसली जाते.

उद्या गेलो नाही. परवा रिसोडला काम निघालं. त्याच्या दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या फाटकापर्यंत जाऊन परत आलो, प्राचार्यांची गाडी दिसली नाही असं स्वतःला सांगून. गाडी होती. असे आठ दिवस मी मूग गिळून बसलो. नवव्या दिवशी कॉलेजच्या शिपायाकडून कळलं की रेखाला काढलं. कंत्राटावरच्या माणसाला काढायला काही करावं लागत नाही, पुढचा कागद द्यायचा नाही, बस. पोलिसांत दिलं नाही हे उपकार म्हणून वर सांगितलं गेलं.

मग गेलो धावत. प्राचार्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, दाखवा. राउटर उघडला. तीन दिवसांपूर्वी इन्व्हर्टरची बॅटरी बसली होती, वीज गेल्याबरोबर सगळं बंद पडलं होतं. यादी कोरी, नव्यानं सुरू झालेली. रेखाचं मशीन आता सतरा दाखवत होतं. मी म्हटलं, पाहा सर, आज सतरा आहे, म्हणजे नंबर बदलतो. प्राचार्य वाईट माणूस नव्हते, पण हुशार होते. ते म्हणाले, आज सतरा आहे म्हणून त्या दिवशी तेवीस नव्हता, हे कशावरून? मी म्हटलं, मी डोळ्यांनी पाहिलं. कधी? समितीच्या दिवशीच, चार वाजता.  प्राचार्य म्हणाले, हे असं लिहून द्याल?

मी लिहून दिलं. पण कसं ते ऐका. घरी बसून तीन कागद फाडले आणि चौथ्यावर लिहिलं: 'सदर नंबर अन्य यंत्रास मिळाला असण्याची शक्यता तांत्रिकदृष्ट्या नाकारता येत नाही.' डोळ्यांनी पाहिलं, हे त्यात नाही. चार वाजता पाहिलं, हेही नाही. चिठ्ठ्या काढायला मी विसरलो, हे तर नाहीच. असं पत्र कोणीही फायलीला लावतो, त्यांनीही लावलं. सात शाळांचं काम मला मिळालं. ते मी नाकारलं असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. नाकारलं नाही. एवढं मात्र केलं की कॉलेजच्या चाळीसही मॉनिटरवरच्या चिठ्ठ्या नखानं खरवडून काढल्या. दीड दिवस लागला.

मार्क कोणी वाढवले ते आजवर कळलेलं नाही. कळावं असं फारसं कोणाला वाटलंही नाही, एक माणूस सापडला होता.

वर्षाच्या वर झालं असेल. वाशिमच्या आठवडी बाजारात एका बाईनं मेथीची जुडी पुढे केली, वर पाहिलं तर रेखा. तिनं मला ओळखलं, पण गिऱ्हाइकाशी बोलावं तसा भाव सांगितला. मी तिथेच उभा राहिलो. आजूबाजूला गर्दी, मी बोलत सुटलो. राउटर, यादी, एक्केचाळीस, आठ दिवस, सगळं. ती जुड्यांवर पाणी शिंपडत ऐकत होती. मी थांबल्यावर तिनं हातातला गडवा खाली ठेवला.

मी म्हटलं, संस्थेला आता पुन्हा पत्र देतो, खरं खरं. गरज पडली तर कोर्टात येतो.

"कोर्ट राहू द्या," ती म्हणाली. "नोकरीबी राहू द्या. माह्या मामाजीले सांगा. त्याहिले वाटते म्याच केलं."

मामाजी म्हणजे सासरे, किसनराव. तिनं मग थोडक्यात सांगितलं. नवऱ्यानं विश्वास ठेवला होता. पण म्हातारा त्या दिवसापासून तिच्या हातात पैसे देत नव्हता. बाजारात विकायला पाठवायचा, संध्याकाळी जुड्या मोजून घ्यायचा. भांडण नाही, शिवी नाही. फक्त मोजायचा. ज्या बाईनं अकरा वर्षं पगार घरात आणून म्हाताऱ्याच्या हातात ठेवला, तिच्या मेथीच्या जुड्या मोजून घेत होता.

चार दिवसांनी सकाळी मी मळ्यात गेलो. किसनराव सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, वाफ्याला पाणी देत होते. रेखा घरातून बाहेर आली, मला पाहून परत आत गेली. आम्ही बांधावर बसलो. मी एक्स्टेंशनचं उदाहरण द्यायला लागलो तर ते म्हणाले, आमच्याकडे फोनच नव्हता, दुसरं सांगा. मी नंबर बाहेरचा आणि आतला असे दोन असतात, एवढं सांगितलं. ते स्वतःच म्हणाले, म्हणजे तलाठ्याच्या कागदावर या साऱ्या मळ्याचा गट नंबर एकच, अन् आत आमी म्हनतो विहिरीपाशचा तुकडा, चिचेखालचा तुकडा. तलाठ्याले आतलं मालूम नसते. मी म्हटलं, अगदी तेच. विहिरीपाशचा तुकडा तर प्रत्येकाच्या मळ्यात असते, ते म्हणाले. मी म्हटलं, हो.

आता चिठ्ठीचं कसं सांगावं या विचारात मी होतो. समोर मेथीचा वाफा होता आणि त्याच्या डोक्याशी काडीला बियाण्याचं रिकामं पाकीट खोचलेलं होतं. भाजीवाले तसं करतात, कुठे काय पेरलं ते कळावं म्हणून. पाकिटावर वांग्याचं चित्र. मी विचारलं, हे वांग्याचं पाकीट इथे कसं? ते म्हणाले, आधी वांगे होते, काढले, मेथी टाकली, पाकीट राहून गेलं. बोलता बोलता ते थांबले. उठून काडीपाशी गेले, पाकीट हातात घेऊन उलटंपालटं करून पाहिलं.

समितीतल्या तीन शिकलेल्या माणसांना आणि मला मिळून जे कळलं नाही ते त्यांना एवढ्यात कळलं. पाकीट पाहून कोणी मेथीला वांगं म्हटलं, असंच ना? मी म्हटलं, असंच. पाकीट मीच खोचलं होतं, काढायला विसरलो होतो. तुमच्या सुनेनं काही केलेलं नाही.

त्यांनी घराच्या दिशेनं पाहिलं. दारात रेखा उभी होती, ऐकत होती. म्हातारा ते पाकीट हातात घेऊनच दोन पावलं तिच्याकडे गेला. मग म्हणाला, "पोरी, चुकलं माहं." तिनं पदर तोंडाला लावला आणि आत गेली. मला वाटलं, झालं, निदान एवढं तरी हातून झालं. छातीवरचा दगड हलला, खरंच हलला. मी उठायला लागलो.

किसनरावांनी माझ्याकडे पाहिलं.

"हे तुमाले कधी मालूम पडलं?"

खोटं बोलता आलं असतं. गेल्या महिन्यात म्हणालो असतो तर त्यांनी मानलं असतं.

"त्याच दिवशी," मी म्हणालो. "चार वाजता."

"मंग तवा काहून नाही सांगतलं?"

 सात शाळा त्यांना कशा समजावणार होतो, आणि समजावण्यासारखं त्यात काही नव्हतं. ते बूड झटकून बांधावरून उठले. आतून भांड्याचा आवाज येत होता, पाहुणा आला म्हणून रेखानं गॅस पेटवला होता.

"रेखा," म्हातारा दाराकडे तोंड करून म्हणाला, "याहिच्यासाठी चहा मांडू नको."